पेटंट संपलं तरी वाट पाहावी लागते

'पेटंट २० वर्षांचं, ते संपलं की मुलांच्या वाढीसाठीचं, आठवड्यातून एकदाचं ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन लगेच स्वस्त' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. ती २० वर्षं अर्ज केल्या दिवसापासून मोजतात आणि त्यातली बरीचशी चाचण्यांतच जातात. शिवाय ग्रोथ हार्मोन स्वतः जुनंच. प्रयोगशाळेत तयार केलेलं हार्मोन अमेरिकेत १९८५ पासून मिळतंय. नवं आहे ते त्याला शरीरात आठवडाभर टिकवून धरायचं तंत्र. आठवड्याच्या इंजेक्शनांपैकी दोन घ्या: सोमापॅसिटान रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं, लोनापेगसोमाट्रोपिनमध्ये हार्मोन वाहकापासून हळूहळू सुटतं. म्हणजे पेटंट त्या जोडणीवर, शिवाय इंजेक्शनच्या पेनवर, डोसच्या वेळापत्रकावरही घेता येतं, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी.

अमेरिकेत अशा जैविक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या) औषधाला मंजुरीपासून १२ वर्षांचं, नकलांपासूनचं स्वतंत्र संरक्षण असतं, पेटंट असो वा नसो. लोनापेगसोमाट्रोपिनला मंजुरी २०२१ मध्ये मिळाली, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

रोज रात्री मांडी बदलत सुई घेणाऱ्या मुलासाठी वर्षाला ३६५ ऐवजी ५२ टोचण्या ही फार मोठी सुटका आहे. म्हणूनच ही वाट मला फार लांब वाटते. तोवर सोमाट्रोपिनचं, म्हणजे रोज टोचायच्या ग्रोथ हार्मोनचं, बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) युरोपात २००६ पासून आहे, डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.