सल्ला हवा: खासदारांमधल्या संबंधांचं जाळं कसं अभ्यासावं?

मानपाडाकर
नमस्कार मंडळी. मी राज्यशास्त्रात एमए करतेय, राहते ठाण्यात. लोकसभेत पक्षाची भिंत ओलांडून कोण कोणाशी जोडलेलं आहे, हे लघुप्रबंधासाठी नेटवर्क अ‍ॅनालिसिसने, म्हणजे माणसं ठिपके आणि नाती रेघा असं जाळं काढून, तपासायचंय. जेम्स फाउलर यांचा अमेरिकी काँग्रेसवरचा २००६चा अभ्यास वाचून हा विषय डोक्यात बसला. १९७३ ते २००४ मधले सुमारे २,८०,००० प्रस्ताव घेऊन, कोण कोणाच्या विधेयकाला सहप्रस्तावक होतं यावरून त्यांनी जाळं उभं केलं होतं. आपल्याकडे मतदानाच्या नोंदींवरून तसं करावं म्हणते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जेमतेम येते. सुरुवात कुठून करू? ठाणे-नवी मुंबईत समोर बसून दाखवणारं कुणी आहे का?

खारेगावकर
मतदानाचा नाद सोडा. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कुणी कसं मत दिलं हे मतविभाजन झालं तरच कागदावर येतं. तेही झालं तर पक्षादेश, म्हणजे व्हिप, आडवा येतो. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली, तेव्हापासून व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. एवढा खटाटोप करून हाती पक्षांची यादीच लागेल.

ऐरोली_लोकल
खारेगावकरांशी शंभर टक्के सहमत. ताई, तुम्ही प्रश्नोत्तरं घ्या. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात, सगळे लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत, आणि एकेका प्रश्नावर बऱ्याचदा चार-पाच खासदारांची नावं असतात. १७व्या लोकसभेचे अतारांकित प्रश्न चाळून बघा. सुप्रिया सुळे, अमोल कोल्हे, धुळ्याचे सुभाष भामरे, अंदमानचे कुलदीप राय शर्मा, धर्मपुरीचे सेंथिलकुमार ही नावं पुन्हा पुन्हा एकत्र भेटतात. म्हणजे राष्ट्रवादी, भाजप, काँग्रेस आणि द्रमुक एकाच प्रश्नावर! तुम्हाला जे शोधायचंय ते इथे आहे.

पण एक मोठी मेख आहे. एकाच विषयावरच्या सूचना आल्या की सचिवालय त्या एकत्र करतं. त्यामुळे दोन नावं एकदा शेजारी आली म्हणून त्यांचं साटंलोटं आहे असं म्हणता येत नाही. शिवाय जे खासदार भरमसाट प्रश्न टाकतात ते सगळ्यांशीच जोडलेले दिसतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक खासदाराचे प्रश्न किती आणि प्रत्येक प्रश्नावर नावं किती हे आकडे तसेच ठेवायचे आणि कोणाचं नाव कोणत्या प्रश्नावर हे संगणकावर पत्त्यांसारखं हजारदा पिसायचं. प्रत्यक्षातली जोडी या पिसलेल्या जाळ्यांपेक्षा ठळकपणे जास्त वेळा आली, तरच रेघ ओढायची. लघुप्रबंधाचा खरा जीव या पायरीत आहे, हिला भरपूर वेळ द्या.

मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांना आधीच बाजूला काढा. नाहीतर पंतप्रधान एकाकी दिसतील!

नेरुळ_पूर्व
स्थायी समित्याही बघा. विभागांशी संलग्न २४ समित्या, प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. मात्र एका समितीतल्या सगळ्यांना एकमेकांशी जोडलंत तर तिथेच ४६५ रेघा होतात आणि चित्राचा नुसता गुंता होतो. प्रत्येक रेघेला १/३० वजन द्या, म्हणजे एका समितीमुळे एका सदस्याच्या वाट्याला एकूण १ एवढंच वजन येईल. आणखी एक, समितीवर कुणाला पाठवायचं हे मुख्यतः पक्ष ठरवतात. ते नातं खासदाराने स्वतः निवडलेलं नसतं. म्हणून प्रश्नांच्या जाळ्यात ते मिसळू नका, शेजारी ठेवून ताडून बघा.

मानपाडाकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ५४३ जणांचा पसारा मला झेपणार नाही असं वाटतं. आधी महाराष्ट्राचे ४८ घेऊ का?

ऐरोली_लोकल
नको! वर दिलेल्या पाचातून अंदमान आणि धर्मपुरी तिथेच गळतील. राज्याची सीमा आखलीत तर सीमेपलीकडचे दुवे दिसणारच नाहीत, आणि तुमचा विषयच दुव्यांचा आहे. खासदार सगळे ठेवा. काळ आणि खातं कमी करा. एक अधिवेशन, एक मंत्रालय.

मोजणीला पायथनमधलं नेटवर्कएक्स आणि चित्राला गेफी, दोन्ही फुकट. गेफीत कोण मध्यभागी दिसतंय यावरून निष्कर्ष काढू नका. मांडणीची पद्धत बदलली की जागा बदलतात, आकडे बदलत नाहीत. शनिवारी दुपारी ऐरोलीला येत असाल तर दोन तास बसून दाखवतो. बरोबर कुणाला आणलंत तरी चालेल.

मानपाडाकर
नक्की येते, मैत्रिणीला घेऊन. आरोग्य मंत्रालयाचे एका हिवाळी अधिवेशनातले प्रश्न उतरवून आणू का?

ऐरोली_लोकल
आणा. प्रश्न क्रमांक, तारीख, खासदार, पक्ष, मतदारसंघ असे रकाने करा. एका ओळीत एकच खासदार. प्रश्नावर पाच नावं असतील तर पाच ओळी. नाव कधी आडनावापासून लिहिलेलं असतं, कधी 'डॉ.' लावून, कधी वडिलांच्या नावासकट, त्यामुळे एकाच माणसाचे दोन ठिपके होतात. जुळवणी मतदारसंघावरून करा, आणि मध्येच पोटनिवडणूक झाली असेल तिथे तारीखही तपासा.