घटस्फोटित आईवडील आणि बिथरलेला मुलगा: पालक गटासाठी कोणता चित्रपट?

मेघ_सावळा:
मंडळी, पालक गटासाठी चित्रपट हवाय. आईवडील वेगळे झालेत, मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, शाळा बुडवतोय, घरात धड बोलत नाही, असा काहीसा विषय. बघणारे वीसेक जण, काही जण मुलांनाही आणणार म्हणतात. चित्रपट आणि चर्चा मिळून अडीच तास आहेत. 'द सन' डोक्यात आहे. चालेल का?

शेवटची_रांग:
'द सन' (२०२२, दिग्दर्शक फ्लोरियन झेलर) फक्त मोठ्यांसाठी ठेवा. मुलांना बोलावू नका.

पुढे शेवट फोडतोय, पण दाखवणाऱ्याला तो आधी माहीत असलाच पाहिजे. सतरा वर्षांचा निकोलस आईकडून वडिलांकडे राहायला येतो. तिथे वडिलांची दुसरी जोडीदार आणि तान्हं बाळ. शेवट आत्महत्येचा आहे. १२३ मिनिटं चित्रपटातच जातात, म्हणजे चर्चेला अर्धा तासही उरत नाही, आणि हा शेवट दाखवून माणसांना न बोलता घरी पाठवणं बरोबर नाही. किमान साडेतीन तास ठेवा.

पालकांसाठी मात्र फार मोलाचा आहे. ह्यू जॅकमनने केलेला बाप वाईट नाही, मनापासून धडपडतोय. चुकतो कुठे, तर पुन्हा पुन्हा कारण विचारतो: शाळेत का गेला नाहीस, नेमकं झालंय काय? मुलाला ते सांगताच येत नाही. बापाला वाटतं लपवतोय, मग आवाज चढतो. हॉस्पिटलचा प्रसंग आला की तिथे थांबवा. मुलगा घरी न्या म्हणून गयावया करतोय, डॉक्टर नको म्हणतायत. गटाला विचारा, घरी न्यायच्या कागदावर तुम्ही सही केली असती का? मग पुढचं दाखवा. घरात बंदूक आहे हे मुलाला आधीच कळलेलं असतं आणि ती हलवलेली नसते. चर्चेत हा मुद्दा सुटू देऊ नका.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पानगळ:
वेळेचीच अडचण असेल तर 'द स्क्विड अँड द व्हेल' (२००५, नोआ बॉमबाक). ८१ मिनिटं. १९८६ चं ब्रुकलिन, आईवडील दोघेही लेखक, मुलांचे वार वाटून घेतलेले, मांजरसुद्धा वाटून घेतलेलं! थोरला वॉल्ट बापाची मतं जशीच्या तशी बोलतो आणि पिंक फ्लॉइडचं गाणं स्वतःचं म्हणून शाळेत गातो. चोरी पकडली गेल्यावर त्याला समुपदेशकाकडे पाठवतात. ते एखादी चांगली आठवण विचारतात, तर निघते ती लहानपणी आईबरोबर घालवलेल्या वेळाची. तेव्हा बाबा कुठे होते, या प्रश्नावर तो अडखळतो. मुलगा एकाच पालकाच्या बाजूने का उभा राहतो, हे इतकं नेमकं मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही.

धाकट्याचे काही प्रसंग लैंगिक आहेत, शिव्याही भरपूर. मुलं शेजारी असतील तर हाही नको. संवाद भरभर येतात, सबटायटल्स लावाच.

उंबरठा२:
मुलं येणारच असतील तर असगर फरहादींचा 'अ सेपरेशन' (२०११, इराण). तोही १२३ मिनिटं, वेळ वाढवावी लागेल. त्यातल्या जोडप्याची मुलगी तर्मेह अकराच वर्षांची आहे आणि बिथरलेलीही नाही, पण दोघांच्या मधे अडकणं म्हणजे काय ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. शेवटी न्यायाधीश तिला विचारतात, कुणाकडे राहणार? आईवडील बाहेर थांबलेत, उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. मुलांना चर्चेत आधी बोलू द्या. पालक आधी बोलले की मुलं गप्प बसतात.

इथे 'आपल्याकडेही असंच असतं का' हे हमखास विचारतात. मूल समजतं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, पण निकाल फक्त तेवढ्यावर ठरत नाही. मुलाचं हित आधी बघतात.

मेघ_सावळा:
खूप आभार. मग 'द सन' वेगळा, फक्त पालकांना, साडेतीन तास. मुलांबरोबर 'अ सेपरेशन'. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात लावलं तर चालतं ना?

शेवटची_रांग:
नाही. ते खातं घरी बघण्यापुरतं असतं. वितरकाकडून प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्या, आणि ती हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका.