तांब्यात ॲल्युमिना मिसळून लेझरने वितळवले, तरी ताकद का येत नाही?

तांबटआळी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही चाकण परिसरातील वाहन-उद्योगाला स्पॉट वेल्डिंगची (दोन पत्रे दाबून, विजेच्या प्रवाहाने ठिपक्या-ठिपक्याने जोडण्याची) इलेक्ट्रोड आणि त्यांचे होल्डर पुरवतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर क्रोमियम-झिर्कोनियम तांब्याची टोके पत्र्याला चिकटण्याचा त्रास फार होतो, म्हणून काही ग्राहक ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, सूक्ष्म कण असलेल्या तांब्याची टोके मागतात. त्या तांब्याच्या सळया तयार मिळतात; परंतु सळईत ड्रिलने पाण्याची वाट सरळच पाडता येते आणि आम्हाला ती आकाराला अनुसरून वळत जाणारी हवी आहे.

म्हणून शुद्ध तांब्याच्या गोलाकार पावडरीत वजनाने 1 टक्का नॅनो ॲल्युमिना मिसळून, भाड्याने घेतलेल्या 500 वॉटच्या अवरक्त लेझर यंत्रावर (पावडरीचे थर एकावर एक वितळवून भाग घडवणाऱ्या धातूच्या 3D प्रिंटरवर) काही ठोकळे छापून पाहिले. कापून पॉलिश केल्यावर आत ठिकठिकाणी पोकळ्या आणि ॲल्युमिनाचे गठ्ठे दिसले. कडकपणा जेमतेम वाढला आणि विद्युतवाहकता शुद्ध तांब्याच्या निम्म्यावर आली. लेझरची शक्ती वाढवून हे सुधारेल, की मिश्रणाची कल्पनाच चुकीची आहे?

धातुरचना (उत्तर)

आपल्या ठोकळ्यांत दोन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत आणि ते वेगळे करून पाहिल्याशिवाय मार्ग सापडणार नाही. पोकळ्यांचा संबंध लेझरशी आहे, गठ्ठ्यांचा संबंध धातुशास्त्राशी आहे. पहिला दोष यंत्र बदलून पुष्कळसा जाईल, दुसरा जाणार नाही.

आपण ज्या सळया वापरता त्या कशा बनतात, हे आधी पाहावे. तांब्यात थोडे ॲल्युमिनियम विरघळवून त्याची पावडर करतात आणि त्या पावडरीला बेताचा ऑक्सिजन देऊन तापवतात. कणांच्या आतच ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण होऊन ॲल्युमिनाचे काही नॅनोमीटर आकाराचे ठिपके जागच्या जागी तयार होतात, आणि मग ती पावडर न वितळवता, घन अवस्थेतच दाबून व एक्स्ट्रूड करून, म्हणजे साच्याच्या भोकातून रेटून, सळई बनवतात. ग्लिडकॉप या नावाने ओळखले जाणारे तांबे असेच बनते; कणत्वरकांतील तापणाऱ्या भागांसाठी ते वापरतात, कारण तांब्याच्या वितळणबिंदूच्या जवळ तापवले तरी ते ठिपके फारसे वाढत नाहीत. मात्र हेच तांबे वितळवून जोडले, तर जोडाच्या जागी त्याची ताकद निघून जाते. वितळलेले तांबे ॲल्युमिनाला भिजवत नाही. दोहोंतील स्पर्शकोन 90 अंशांपेक्षा बराच मोठा असतो. त्यामुळे द्रवात मोकळे झालेले कण एकमेकांना बिलगतात, आणि वितळलेल्या धातूच्या इवल्याशा डबक्यातील वेगवान प्रवाह ते गठ्ठे पृष्ठभागाकडे नेऊन सोडतो. लेझरखाली आपण प्रत्येक थरात हेच घडवले आहे. ज्या पदार्थाची ताकद तो कधीही न वितळण्यावर उभी आहे, तो वितळवून बनवता येणार नाही.

वजनाने 1 टक्का हे प्रमाण लहान वाटते, पण ॲल्युमिनाची घनता तांब्याच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे आकारमानाने ते सव्वादोन टक्क्यांच्या आसपास जाते. सळईत तेवढेच ॲल्युमिना असूनही वाहकता शुद्ध तांब्याच्या पाऊण हिश्श्याच्या वर राहते, कारण तेथे मधले तांबे सलग आणि स्वच्छ असते.

म्हणून लेझरसाठी प्रबलन, म्हणजे तांब्याला ताकद देणारा घटक, असे निवडावे, की जे द्रवात विरघळेल आणि थंड होताना पुन्हा बारीक होऊन जन्माला येईल. याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या नासा संस्थेची जीआरकॉप ही मिश्रधातूंची मालिका. जीआरकॉप-84 मध्ये दर 100 अणूंमागे 8 क्रोमियमचे आणि 4 नायोबियमचे असतात. जीआरकॉप-42 मध्ये दोन्ही निम्मे. क्रोमियम आणि नायोबियम मिळून दोनास एक या प्रमाणाचे एक अतिशय स्थिर संयुग बनते. भरपूर तापलेल्या द्रव तांब्यात ही दोन्ही मूलद्रव्ये सामावतात, पण घन तांब्यात नायोबियम जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे झटकन थंड झाल्यावर संयुगाचे बारीक कण सगळीकडे पसरतात, पुढे भाग तापला तरी ते सहजी मोठे होत नाहीत, आणि मधले तांबे बरेचसे शुद्ध राहून उष्णता वाहत राहते. रॉकेटच्या ज्वलनकक्षाला नेमके हेच हवे असते. 2015 मध्ये नासाने जीआरकॉप-84 चे पूर्ण आकाराचे ज्वलनकक्ष-अस्तर अशा रीतीने छापल्याचे जाहीर केले. त्याला 8,255 थर आणि 10 दिवस 18 तास लागले, आणि थंड करणाऱ्या नळ्या अस्तराच्या भिंतीतच घडवल्या होत्या. वळणारी वाट ही आपलीही गरज आहे, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सविस्तर दिले.

थरावर_थर (उत्तर)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. यंत्राच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

सपाट, घन तांबे सुमारे 1 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर जेमतेम 5 टक्के शोषते; बाकीचा प्रकाश परत फिरतो आणि प्रसंगी लेझरच्या काचांनाच इजा करतो. पावडरीच्या थरात किरण कणाकणांवर आपटत असल्याने शोषण काहीसे वाढते, पण तांबे ती उष्णता लगेच खाली वाहून नेते. त्यामुळे 500 वॉटवर एक तर धातू अर्धवट वितळतो, नाहीतर वेग कमी केल्यावर एकाएकी खोल छिद्र पडून त्यात वायू अडकतो, आणि या दोहोंच्या मधली सुरक्षित पट्टी फार अरुंद असते. सुमारे 515 नॅनोमीटरचा हिरवा लेझर घन तांब्यातही 40 टक्क्यांच्या आसपास शोषला जातो, म्हणून शुद्ध तांब्यासाठी तो योग्य. क्रोमियम-झिर्कोनियम तांबे मात्र शक्तिशाली अवरक्त यंत्रावरही घट्ट छापता येते.

नॅनो कण वरून चिकटवल्याने पावडरीचा प्रवाह बिघडून थर असमान पडतो, हेही आपल्या पोकळ्यांचे एक कारण असू शकेल. शिवाय ते यंत्र आधी पोलादासाठी वापरले जात असेल, तर उरलेल्या लोखंडाचा अंश शोधावा. विरघळलेले लोखंड अगदी थोडे असले, तरी तांब्याची वाहकता मोठ्या प्रमाणात उतरते. पोलादी पाटावर (ज्या तबकडीवर पहिला थर पडतो तिच्यावर) छापत असाल, तर खालचे काही थर मोजमापात धरू नयेत.

तांबटआळी

दोघांचेही मनापासून आभार. यंत्र त्याआधी पोलादासाठीच वापरले जात होते आणि पाटही पोलादी होता, याकडे माझे लक्ष गेले नव्हते. आता एक शंका आहे. आम्ही जीआरकॉपकडे वळावे, की क्रोमियम-झिर्कोनियम तांब्यावरच थांबावे?

धातुरचना

माझ्या मते आपल्या कामाला नायोबियमचा खर्च परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. आपण भागाचे दोन तुकडे करावेत. वळणाऱ्या वाटांचा होल्डर क्रोमियम-झिर्कोनियम तांब्यात छापावा आणि पत्र्याला टेकणारी टोपी ॲल्युमिनायुक्त सळईतूनच घडवून शंकूच्या बसणीने त्यावर चढवावी. तशीही टोपी झिजून बदलावीच लागते. होल्डर पाण्याने थंड राहतो, त्यामुळे त्याचे तापमान क्रोमियम-झिर्कोनियम तांबे मऊ पडण्याइतके चढत नाही.

एक सूचना आवर्जून करतो. छापून निघालेल्या भागाची वाहकता पाहून निराश होऊ नये. लेझरखाली धातू इतक्या वेगाने गोठतो, की क्रोमियम तांब्यातच विरघळलेल्या स्थितीत अडकून पडते आणि वाहकता फार कमी दिसते. ओतीव तांब्याला आधी साडेनऊशे ते हजार अंशांवर तापवून पाण्यात विझवावे लागते. येथे ते काम लेझरनेच केलेले असते, म्हणून सरळ 450 ते 500 अंश सेल्सिअसवर, आर्गॉनमध्ये किंवा निर्वातात, एजिंग करावे, म्हणजे त्या तापमानावर काही काळ ठेवावे. क्रोमियम बारीक अवक्षेपांच्या (वेगळ्या झालेल्या कणांच्या) रूपाने बाहेर पडते आणि कडकपणा व वाहकता दोन्ही एकदमच वर चढतात.

तांबटआळी

टोपी वेगळी ठेवण्याचा मार्ग आम्हाला सुचलाच नव्हता, कारण सगळा भाग एकसंध छापायचा हा हट्ट आम्हीच धरून बसलो होतो. आता फक्त तांब्यासाठी राखून ठेवलेले यंत्र शोधतो, क्रोमियम-झिर्कोनियमचे ठोकळे तांब्याच्या पाटावर छापतो, आणि एजिंगच्या आधी व नंतर वाहकता, कडकपणा आणि पाण्यात तोलून घनता मोजून ते आकडे याच धाग्यात मांडतो.