मदत हवी आहे: औषधामुळे लघवीची ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह

धाकट्या भावाच्या नोकरीआधीच्या लघवी तपासणीत ॲम्फेटामाइन (नशेसाठी वापरलं जाणारं उत्तेजक द्रव्य) पॉझिटिव्ह आलंय. त्यानं आयुष्यात नशा केलेली नाही. नैराश्यासाठी डॉक्टरांनी दिलेली ब्युप्रोपिऑनची गोळी मात्र रोज घेतो. पहिली चाचणी इम्युनोॲसेची असते, म्हणजे प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वापरून द्रव्य ओळखायची; त्या प्रतिपिंडांना मिळत्याजुळत्या रचनेचा रेणूही फसवतो आणि ब्युप्रोपिऑनचं नाव त्यात येतं, इतकं मला कळलंय. मास स्पेक्ट्रोमेट्री या दुसऱ्या तपासणीनं मात्र नेमका रेणू ओळखता येतो म्हणे.

कुणी यातून गेलंय का? त्याच नमुन्याची फेरतपासणी लेखी मागावी का? प्रिस्क्रिप्शन फक्त तपासणीच्या डॉक्टरांना दाखवलं तर चालतं का? आजार कंपनीला कळू नये असं त्याला वाटतं, आणि मला ते पटतं. घाबरून गोळी बंद करायला निघाला होता, कसाबसा थांबवलाय. कृपया लवकर सांगा.