शब्दचर्चा: 'मार्कर वाढला' म्हणजे नेमकं काय वाढलं?

परभणी (धागा काढणारा)

आत्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पाचव्या दिवशी तिच्या थोरल्यानं, आमच्या दादानं, रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. सीआरपी नावाच्या तपासणीच्या आकड्याभोवती निळ्या पेनानं गोल केलेला, खाली त्याचा प्रश्न: "मार्कर वाढलाय म्हणायलेत. म्हंजी आई सुधरणार का नाही?"

मी भाषांतराची कामं करतो. त्याच आठवड्यात एका माहितीपत्रकासाठी मी स्वतः हे वाक्य लिहून बसलो होतो: "रक्तातील जैवचिन्हकांच्या साहाय्याने पक्षाघातोत्तर पुनर्प्राप्तीचे पूर्वानुमान." दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आता मराठीत सांग."

तर मंडळी, हे वाक्य मोडून द्या. पक्षाघात, जैवचिन्हक (दादाचा तो मार्कर), पुनर्प्राप्ती, पूर्वानुमान (पुढचा अंदाज). माझा एकही शब्द टिकला नाही तरी चालेल.

लातूर

पक्षाघात राहू द्या, तो निदान पेपरात तरी येतो. पण आपल्याकडं बोलताना लकवा. त्याची गंमत सांगतो. लकवा मूळ अरबी, आणि युनानीत त्याचा अर्थ फक्त तोंड वाकडं होणं. अर्धं अंग जातं त्याला फालिज. निजामाच्या काळात शिकलेले आमचे आजोबा हा फरक कटाक्षानं पाळायचे. "लकवा नव्हे, फालिज" असं डॉक्टरलासुद्धा सुनवायचे. मराठीनं फालिज सोडला आणि लकव्याला तोंडापासून पायापर्यंत पसरवलं. आयुर्वेदातही तसंच आहे, तोंडाचा तो अर्दित, अर्ध्या अंगाचा तो पक्षाघात. म्हणजे दोन परंपरांनी जपलेला भेद आपण बोलीत गमावला.

'स्ट्रोक' मात्र नको. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं स्ट्रोक म्हणजे ऊन लागणं. आणि 'अटॅक' तर मुळीच नको. अटॅक म्हटलं की माणसं छाती धरतात, हृदयाच्या दवाखान्यात जातात, तिथून दुसरीकडं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनवर पाहून. शब्द चुकला की त्यातला एक तास रस्त्यावर जातो.

नांदेड (लॅबमध्ये काम)

तुमच्या दादांच्या रिपोर्टवर बोलते. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि अंगात कुठंही दाह झाला की वाढतं. लकव्याच्या पेशंटला गिळता येत नाही, घास-पाणी श्वासनलिकेत जातं, न्यूमोनिया होतो, की सीआरपी वर. लघवीची नळी लावलेली असते, तिथं जंतू धरले की वर. मेंदूचं नुकसान मोठं असेल तरीही वर. तेव्हा तो आकडा 'काहीतरी पेटलंय' एवढंच सांगतो. कुठं आणि का, ते नाही.

खऱ्या अर्थानं मेंदूची म्हणावी अशी खूण निराळी. न्यूरोफिलामेंट लाइट चेन, बोलताना एनएफएल. चेतापेशीच्या लांब तंतूला आतून आधार देणारं हे प्रथिन. घराच्या वाशासारखं समजा. तंतू तुटला की वाशाचे तुकडे बाहेर पडतात, आधी मेंदूभोवतीच्या पाण्यात, तिथून रक्तात. रक्तात ते इतके थोडे असतात की एका मिलीलिटरमागं पिकोग्रॅममध्ये मोजावे लागतात, म्हणून साध्या मशीनचं ते काम नाही. दुसरं जीएफएपी, मेंदूतल्या चांदणीसारख्या आकाराच्या आधारपेशींतलं प्रथिन. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते काही तासांतच उसळतं, गुठळीच्या लकव्यात सावकाश.

लोकांच्या लक्षात येत नाही ते हे, की रक्त कोणत्या दिवशी काढलं यावर सगळं आहे. एनएफएल पहिल्या दिवशी जेमतेम हललेलं असतं, चढत चढत दोन-तीन आठवड्यांनी शिखरावर जातं आणि पुढं कित्येक महिने चढंच राहू शकतं. पहिल्या दिवसाचा कमी आकडा पाहून कुणी पेढे वाटू नयेत.

शब्दाचं म्हणाल तर चिन्हक नको आणि मार्करही नको, पोरांना मार्कर म्हणजे फळ्यावर लिहायचा पेन. मी तरी 'खूण' म्हणते. रक्तातली खूण.

हिंगोली

जैवसूचक असाही शब्द वाचलाय. मला तोच आवडतो, कारण वेगळं आहे. ग्रामसभेच्या ठरावाखाली काय लिहितात? सूचक अमुक, अनुमोदक तमुक. नुसता सूचक असून ठराव होत नाही. लॅबवाल्या ताईंनी सांगितलेला सीआरपी हा असाच सूचक. त्याला अनुमोदक लागणार: स्कॅन, वय, डॉक्टरांची तपासणी. आणि आमच्या गावात एकच माणूस दर ठरावाला सूचक असतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही, तसंही सीआरपीचं झालेलं दिसतंय.

नांदेड (लॅबमध्ये काम)

हे झकास. उद्या लॅबमध्ये सांगते.

बीड (फिजिओथेरपी)

अनुमोदकाबद्दल भर घालतो. वय आणि पहिल्या दिवशी लकवा किती जोराचा होता, या दोन गोष्टींवरूनच पुढचा बराच अंदाज येतो. जोर मोजायला ० ते ४२ गुणांचं मापन आहे, एनआयएचएसएस. इथं जास्त गुण म्हणजे जास्त नुकसान, हे नातेवाइकांना दोनदा सांगावं लागतं, कारण शाळेची सवय. रक्तातल्या खुणा त्याच्यात भर घालतात, पण थोडी. म्हणूनच अजून रोजच्या उपचारात त्यांच्या भरवशावर कुणी निर्णय घेत नाही. हाताचं विचाराल तर मी पहिल्या तीन दिवसांत दोनच गोष्टी बघतो: खांदा बाजूला उचलता येतो का, आणि मिटलेली बोटं उघडता येतात का. एक बोट जरी उघडलं तरी माझी कळी खुलते. ह्याला सुई लागत नाही, खर्चही नाही.

आता पुनर्प्राप्ती. कृपया नको! हा शब्द हरवलेल्या पाकिटाला ठीक आहे. 'रिकव्हरी' त्याहून वाईट. एका शेतकरी आजोबांना आमच्याकडच्या सिस्टर म्हणाल्या, "बाबा, तुमची रिकव्हरी चांगलीय." त्यांनी तोंड फिरवलं. नंतर सुनेनं उलगडा केला, मागच्याच महिन्यात बँकेचे रिकव्हरीवाले दारात येऊन गेले होते.

घरची माणसं काय म्हणतात ते ऐकतो मी. "फरक पडायलाय." "उठून बसायलेत." "धरून चालायलेत." कुणीही 'बरे झाले' म्हणत नाही, क्रियापद सांगतात. आणि आम्ही तरी काय मोजतो? तीन महिन्यांनी, ९० व्या दिवशी, ० ते ६ अशी पायरी. ० म्हणजे काहीच त्रास नाही, २ पर्यंत स्वतःचं स्वतः करता येतं, ५ म्हणजे अंथरुणावर, ६ म्हणजे माणूस गेलं. संशोधनात 'चांगली सुधारणा' म्हणतात ती बहुतेक वेळा ह्या २ पर्यंतची. त्या २ वाल्याचा हात कदाचित अजून शर्टाचं बटण लावत नसेल.

धाराशिव

'उतार' कसा वाटतो? तापाला उतार पडतो तसा. शिवाय साखर कारखान्यात रिकव्हरीला उताराच म्हणतात. उसातून साखर किती निघाली, तो उतारा.

बीड (फिजिओथेरपी)

ताप चढलेला असतो म्हणून उतरतो. लकव्यात काही चढलेलंच नसतं, गेलेलं असतं. आणि 'उतारा' म्हटलं की आमच्याकडं कुणीतरी लिंबू घेऊन चौकात जाईल.

परभणी (धागा काढणारा)

लिंबाचं सोडा, आत्यासाठी पारवा आणायची भाषा झाली होती. पारव्याचं रक्त चोळलं की हात सुटतो म्हणे. दादाच मध्ये पडला. रक्तावर आमच्या घरात दोन्हीकडून श्रद्धा!

छत्रपती संभाजीनगर (वैद्य)

पूर्वानुमानाला जुना मराठी-संस्कृत शब्द आहे: साध्यासाध्यता. सुश्रुतात पक्षाघाताचीच वाटणी आहे. निव्वळ वाताचा तो कृच्छ्रसाध्य (म्हणजे कष्टसाध्य), दुसऱ्या दोषाची साथ असलेला साध्य, धातुक्षयातून झालेला असाध्य. 'कष्टसाध्य' हा शब्द तर सामान्य माणसालाही कळतो. कष्ट करायचे आहेत आणि साधेल, दोन्ही त्यात आलं.

जालना

वैद्यबुवा, कष्टसाध्य छानच. पण असाध्य म्हटल्यावर घरचे फिजिओथेरपी बंद करतील, त्याचं काय? 'भाकीत'चंही तेच. एकदा उच्चारलं की पंचांगातलं झालं.

मी महसुलात होतो, म्हणून माझ्या डोक्यात दुसराच शब्द येतोय: पैसेवारी, म्हणजे गावाचं पीक रुपयात किती पैसे येईल याचा सरकारी अंदाज. पीक उभं असतानाच आम्ही नजर पैसेवारी काढायचो. ती कुणी अंतिम मानत नाही. मग सुधारित निघते आणि मग अंतिम. नजरेला ५० पैशांच्या आत दिसलेलं गाव परतीच्या पावसानं वर गेलेलं पाहिलंय, आणि ६० वालं गाव एका गारपिटीत झोपलेलंही. अंदाज तर द्यायचाच, कारण पुढची तजवीज त्यावर असते. पण तो कोणत्या तारखेचा हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. ताईंच्या त्या एनएफएलचंही असंच ना, तारखेशिवाय आकड्याला अर्थ नाही?

नांदेड (लॅबमध्ये काम)

अगदी असंच.

परभणी (धागा काढणारा)

माहितीपत्रकात आता हे जातंय: "लकव्यानंतर माणूस कितपत सुधारेल याचा अंदाज घ्यायला रक्तातल्या काही खुणांची मदत होऊ शकते. हा अंदाज रक्त काढलं त्या दिवसाचा असतो, आणि तपासणीची जोड नसेल तर तो धरू नये." लांबलं, पण 'जैव' गेला.

काल दादाला फोन केला. सीआरपी निम्म्यावर आलाय, छातीत कफ होता तो औषधानं कमी झाला. त्याला सूचक-अनुमोदक सांगितलं, पैसेवारीही सांगितली. ऐकून घेतलं अन् म्हणाला, "मंग ही नजर पैसेवारी झाली. अंतिम कधी?"

म्हटलं, तीन महिन्यांनी बघतात.

"म्हंजी पेरणीच्या तोंडाला," तो म्हणाला. मग आवाज बारीक करून, "अंगठा हलवलाय तिनं सकाळी. हे कशात धरायचं?"

बीडकर, हे तुमच्याकडं.