अनुभव धागा: पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा आणि आपण गोंयकार

रायबंदरचा वाटसरू

बॉडी कॅमेरा अंगावर असलेल्या वाहतूक अधिकाऱ्यानेच तालांव, म्हणजे दंडाचं चलन, द्यावा, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं आणि आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणतो, चला, चिरीमिरी बंद. दुसरा म्हणतो, कॅमेरा पोलिसाचा, बटण पोलिसाच्या हातात, चित्रण पोलिसाच्या कपाटात, त्यात आपलं काय? मतं खूप ऐकली. इथे अनुभव लिहा. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को, पत्रादेवी, मोले, कुठलाही चालेल. खात्यातले किंवा त्यांच्या घरचे कोणी असाल तर जरूर लिहा, तुम्हाला कोणी विचारतच नाही. माणसांची नावं, गाडीचे नंबर आणि ठाण्याचं नाव मात्र नको.

काळी पाटी

माझा बार्देशात रेंट-अ-कॅबचा धंदा. गिऱ्हाईक पुण्याचं असो की बेंगळुरूचं, नाक्यावर अडवलं की पहिला फोन मला. पूर्वी फोनवर मागून जे ऐकू यायचं त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही. 'ए, बाजूला घे. कागद काढ.' त्यानंतर आवाज खाली यायचा आणि गिऱ्हाईक विचारायचं, 'दादा, किती देऊ?'

परवा फोन आला तर मागून, 'सर, लायसन्स दाखवता का?' मला वाटलं हा हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा आहे. विचारलं, समोरच्याच्या छातीवर दिवा लुकलुकतोय का? हो म्हणाला. मग म्हटलं, घाबरू नका, लायसन्स द्या, तालांव देतील त्याचा मेसेज मोबाईलवर येतो का तेवढं बघा. आला. सीटबेल्टचा होता आणि रास्त होता. ऑनलाईन भरून गडी पुढे वागातोरला गेला.

पण पुढच्या वळणावर बिनकॅमेऱ्याचा उभा असतो, त्याचं काय? तालांव तर त्याला देता येत नाही. मग गाडी अडवतो ती हवापाण्याच्या गप्पा मारायला?

जेटीवरचा पायलट

आम्ही मोटरसायकल टॅक्सीवाले दिवसभर मांडवीच्या जेटीपाशी उभे. ट्रॅफिकवाले ओळखीचे, चहा एकत्र. कॅमेरा लागला तेव्हापासून एक साहेब आमच्याकडे फिरकत नाही. म्हणतो, 'सगळं रेकॉर्ड होतं रे, मॅचचा स्कोअरसुद्धा विचारू नको.' बाकी मला काही फरक दिसला नाही. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घाला.

निवृत्त हवालदार, डिचोली

वर बिनकॅमेऱ्याच्या शिपायाबद्दल लिहिलंय, त्यावर आधी दोन शब्द. यंत्रं सगळ्यांना पुरत नाहीत. ज्याला मिळालं नाही तोही उन्हात उभा असतोच, वाहतूक मोकळी करायला, अपघात झाला तर धावायला. प्रत्येक जण खिशात हात घालूनच उभा असतो असं नाही. काही असतात. मी नोकरी केली आहे, मला सांगू नका.

माझ्या वेळी हे यंत्र नव्हतं. भाचा वाहतुकीत आहे, त्याच्याकडून ऐकलेलं आणि त्याच्यासोबत उभं राहून पाहिलेलं लिहितो. पहिली अडचण पाऊस. आपल्याकडे जूनपासून चार महिने शिपाई रेनकोटात. कॅमेरा शर्टाला लावला तर रेनकोटाखाली गेला, मग न्यायाधीशाला काय रेनकोटाचं अस्तर दाखवणार? रेनकोटावर लावला तर क्लिप लोंबते आणि चित्रणात रस्त्यापेक्षा आभाळ जास्त. काचेवर वाफ धरते ती वेगळीच. हे यंत्र निवडणाऱ्याने आषाढात म्हापशाजवळच्या करासवाड्याच्या चौकात तासभर उभं राहून बघावं.

बॅटरीचंही तसंच. सणासुदीला, कार्निव्हलला, नाताळच्या आठवड्यात ड्युटी लांबते, बॅटरी लांबत नाही. मग दिवा विझला की लोक म्हणतात, मुद्दाम बंद केला.

फायदा नाही असं नाही. रात्री किनारपट्टीवर प्यालेला पर्यटक आईवरून शिव्या देतो, कॉलर धरतो. शेवटी पोलिसाचा आवाज चढला की त्याचा दोस्त मोबाईल काढतो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओत फक्त पोलिसाचा चढलेला आवाज. आधीची दहा मिनिटं गायब. आता ती दहा मिनिटं निदान कुठेतरी शिल्लक राहतात. भाचा म्हणतो, कॅमेरा दाखवून 'सर, रेकॉर्डिंग चालू आहे' म्हटलं की अर्धे तिथेच थंड होतात. बऱ्याच यंत्रांत बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही आपोआप राहतात. आणि ड्युटी संपली की यंत्र डॉकला, म्हणजे चित्रण उतरवून घेणाऱ्या खोक्याला, लावायचं, चित्रण उतरतं, शिपायाला ते पुसता येत नाही.

आता जे गेलं ते सांगतो. सकाळी लेकाच्या स्कूटरवर मागे बसून मासळीची पाटी सांभाळत बाजारात जाणारी म्हातारी. डोक्यावर हेल्मेट नाही, ते घातलं तर पाटी कशी धरणार? तिला आम्ही दम देऊन सोडायचो. तो दम म्हणजेच आमचा कायदा होता. आता भाचा सोडायला कचरतो. उद्या वरच्या साहेबाने पाहिलं तर 'हिला सोडलं आणि त्याला का नाही' म्हणून त्याचीच चौकशी. कॅमेऱ्यामुळे पोलीस सभ्य झाला असेल, पण त्याचं माणूसपण थोडं आखडलं. आणि बारा तास उभं राहून पाय सुजतात त्याचं चित्रण कोणी मागत नाही.

एमएच झिरो सेव्हन

सावंतवाडीहून कामासाठी नेहमी येतो. गाडीवर आमची महाराष्ट्राची पाटी दिसली की पोलिसाचा हात वर होतो, हा जुना अनुभव. एकदा मी माझा मोबाईल डॅशबोर्डवर चालू ठेवला. अधिकारी हसून म्हणाला, 'तुम्ही काढा, मीही काढतोय.' पीयूसी पाहिलं, परत दिलं, 'या.' इतकं गुळगुळीत काम पत्रादेवी ओलांडल्यावर पहिल्यांदाच झालं. कॅमेरा माझा की त्याचा, कोणता उपयोगी पडला ते देवाला ठाऊक.

सत्तरीची लेक

तुम्ही सगळे रस्त्याचं लिहिताय. माझ्या घरात तो कॅमेरा आला होता.

रात्री शेजाऱ्यांनी 112 लावला. रॉबर्ट, म्हणजे पोलिसांची गस्तीची गाडी, आली. नवरा तोवर मागच्या दाराने गेलेला. मी गाऊनवर, ओठ फुटलेला, मुलं दाराआड. महिला शिपाई चांगली होती. 'बाय, बस. पाणी पी आधी,' म्हणाली. तिच्या छातीवर दिवा लुकलुकत होता. मी विचारलं, हे काय? 'नियम आहे, सगळीकडे चालू ठेवतो.' बंद करा म्हणायचं धाडस झालं नाही. नंतर रात्रभर एकच विचार, माझं असं ध्यान आता कोण कोण बघणार? वाळपईचं गाव लहान. ठाण्यात चहा देणारा पोरगासुद्धा कोणाचा ना कोणाचा भाऊ लागतो.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. सासरच्यांनी सांगितलं, ती न्हाणीत पडली. तेव्हा मला आठवलं, त्या रात्री ओठ फुटलेला, फुटलेल्या बांगड्या, मुलगा काय म्हणाला, सगळं त्या यंत्रात आहे. ठाण्यात मागायला गेले. एक म्हणाला साहेबांना विचारा, साहेब म्हणाले ते तांत्रिक विभागाकडे, तांत्रिक विभाग कुठे ते कोणी सांगेना. ज्या चित्रणाची त्या रात्री लाज वाटली तेच आज हवंय, पण कोर्टासाठी. सगळ्या गावासाठी नव्हे. हे लोकांना पटवून सांगता सांगता दमले.

मेरशीचा वकील

सत्तरीच्या ताई, तुमच्यासाठी आधी लिहितो. ठाण्याच्या पायऱ्या झिजवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली कोर्ट असं चित्रण हजर करायला सांगू शकतं. तुमच्या वकिलाकरवी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ आणि 112 च्या फोनचा उल्लेख घाला. चित्रण पुरावा म्हणून यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, तेही अर्जातच मागा. माहिती अधिकारात मागितलंत तर तपासाला अडथळा किंवा वैयक्तिक माहिती सांगून नाकारण्याची शक्यता जास्त, त्यामुळे त्या वाटेवर भिस्त नको.

बाकीच्यांसाठी. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचंच आहे. ते मोबाईलवर केलं तरी चालतं, छातीवरचा कॅमेराच हवा असं नाही. वाहतुकीचं पाहिलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167 अ हा नियम जोडला. त्यात वेगमापक कॅमेरे, सीसीटीव्ही यांच्या जोडीला अंगावरचा कॅमेराही आहे आणि तालांव निकाली निघेपर्यंत नोंद जपून ठेवायची आहे. म्हणजे भांडायचं असेल तर आधी पैसे भरून मोकळं होऊ नका.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला सांगितलं. चित्रण 18 महिने राहील असं यंत्र घ्यावं, आणि कुठल्याही परिस्थितीत एक वर्षाच्या आत राहू नये, असंही म्हटलं. मी ठाण्यातलं चित्रण मागितलं तेव्हा 'यंत्र दुरुस्तीला गेलंय' हे उत्तर इतक्या वेळा ऐकलंय की दुरुस्ती करणाऱ्याची मला काळजी वाटते.

लेस्टरची पेडणेकरीण

इथे ब्रिटनमध्ये शिकते. हा वाद इथल्या वर्गात रोजचा. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या लहान शहरात 2012 पासून वर्षभर प्रयोग झाला, बळाचा वापर निम्म्याहून कमी झाला, तक्रारी तर जवळजवळ संपल्या. जगभर कॅमेऱ्यांची मागणी वाढली ती या आकड्यांमुळेही. मग वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून जास्त पोलिसांवर तशीच तपासणी झाली, 2017 साली निष्कर्ष आला: फारसा फरक नाही. दोन्ही खरं. रिआल्टोच्या मंडळींनीच पुढे अनेक ठिकाणी तपासलं, तर जिथे पोलीस मनाला येईल तेव्हा बटण दाबत तिथे बळाचा वापर उलट वाढलेला. 2020 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलं तेव्हा पोलिसांच्या अंगावर कॅमेरे चालूच होते. तरी पोलिसांच्या पहिल्या निवेदनात प्रकृती बिघडल्याचंच सांगितलं होतं. जगाला खरं कळलं ते रस्त्यावर उभ्या असलेल्या डार्नेला फ्रेझर या मुलीच्या मोबाईलमुळे.

तेव्हा हवालदारकाका, मला तुमच्याकडून हवंय ते एवढंच. आपल्याकडे बटण कधी दाबायचं हे कुठे लिहिलेलं आहे का?

निवृत्त हवालदार, डिचोली

भाच्याला विचारलं. गाडीला हात करण्याआधी दाबायचं, असं त्यांना तोंडी सांगितलंय. कागदाचं विचारलं तर म्हणाला, मामा, उद्या सकाळची ड्युटी आहे.

काळी पाटी

हवालदारकाका, रागावू नका. पण माझ्या गिऱ्हाइकाला तोंडी काय सांगितलंय ते कसं कळणार? वाहतुकीचे नियम चौकाचौकात फलकावर आहेत. हा नियमही लावा की एखाद्या फलकावर: दिवा चालू नसेल तर विचारा.

सत्तरीची लेक

वकीलसाहेब, धन्यवाद. एक शंका. अर्ज दिल्यावर ते चित्रण कोर्टात सगळ्यांसमोर लावतात का? मुलगा बारा वर्षांचा आहे, तो त्यात रडतोय.

मेरशीचा वकील

ताई, अर्जातच विनंती करा की चित्रण न्यायाधीशांच्या दालनात पाहावं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 16 मध्ये बंद दालनात सुनावणीची सोय आहे, पक्षकाराने मागितली तर. मुलाचा चेहरा आणि आवाज बाहेर जाऊ नये हेही वेगळं लिहा. आणि अर्जाची एक प्रत शिक्का मारून स्वतःजवळ ठेवा.