उतारावरच्या ट्रॉलीचं त्वरण प्रत्येक पद्धतीने वेगळं का येतंय?

प्रश्न: ५ अंशाच्या उतारावरून ट्रॉली सोडून मोशन सेन्सरने रीडिंग घेतली. वेग-काळ ग्राफचा चढ ०.७८ मी/से² येतोय, g sin θ ने (g म्हणजे गुरुत्वत्वरण, θ म्हणजे उताराचा कोन) ०.८५ यायला हवं, आणि अंतर विरुद्ध काळाचा वर्ग असा ग्राफ काढला तर तो सरळ येतच नाहीये, सुरुवातीलाच वाकतो. कुठलं खरं धरू?

उत्तर १: वाकतोय म्हणजे तू शून्य सेकंद धरलास तेव्हा ट्रॉली आधीच सुटलेली होती, सुरुवातीचा वेग शून्य नाही. अंतर भागिले काळ विरुद्ध काळ असा ग्राफ काढ, रेषा सरळ येईल, जिथे उभ्या अक्षाला कापेल तो सुरुवातीचा वेग आणि चढाची दुप्पट म्हणजे त्वरण. वेग-काळवाल्याला याचा फरक पडत नाही म्हणून त्या ०.७८ वर जास्त भरवसा ठेव.

उत्तर २: ०.८५ पण डोळे मिटून मानू नको रे, कोन कोनमापकाने मोजलास का? अर्ध्या अंशाची चूक म्हणजे इथे जवळपास १० टक्के. उताराची उंची भागिले उताराच्या पट्टीची लांबी कर, सरळ साइनच मिळते.

उत्तर १: हो, आणि घर्षण बघायचं तर ट्रॉली खालून वर ढकल, चढताना आणि उतरताना दोन्ही त्वरणं काढून सरासरी घे, घर्षण कटतं. चाकांच्या फिरण्याने होणारी घट मात्र राहतेच.

प्रश्नकर्ता: कोनमापकच वापरला होता 😅 उद्या परत करतो